अंधारसराव (रात्रीच्या छायाचित्रणातील)

उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यांची संवेदनक्षमता सावकाश वाढत जाते, या प्रक्रियेला अंधारसराव म्हणतात. रात्री चित्रण करणाऱ्याचा हा सराव वारंवार मोडतो : कधी कॅमेऱ्याच्या पडद्याने, कधी फ्लॅशने, कधी समोरून आलेल्या मोटारीने, तर कधी सोबत्याच्या टॉर्चने. तो मोडला की दिसेनासे होते आणि त्यापाठोपाठ दिशेचा व पायाखालच्या जमिनीचा अंदाजही सुटतो. ग्रंथांत यांपैकी पहिली गोष्ट नेत्रविज्ञानात आणि दुसरी मानसशास्त्रात किंवा विमानवैद्यकात आढळते. कॅमेऱ्याच्या तिवईशेजारी (ट्रायपॉडशेजारी) उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही एकदमच गाठतात, म्हणून येथे त्यांचा विचार एकत्र केला आहे. शेवटची उदाहरणे इंदूर परिसरातील आहेत.

संज्ञा : वैद्यकीय लेखनात ‘अंधार-अनुकूलन’ व ‘तमोनुकूलन’ असे शब्द आढळतात. ‘डोळे अंधाराला सरावले’ हा प्रयोग बोलीत रुळलेला असल्याने ‘अंधारसराव’ हा शब्द अधिक सोयीचा. डोळे दिपणे ही त्याच्या उलट अवस्था; ती तात्पुरती असते. रातांधळेपणा हा मात्र विकार आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने किंवा जालपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या) आनुवंशिक दोषाने तो उद्‌भवतो व अंधारात कितीही वेळ थांबून हटत नाही. दिशा हरवण्याला संस्कृतातून आलेला ‘दिग्भ्रम’ हा शब्द असला, तरी अस्सल मराठी शब्द ‘चकवा’ हाच.

डोळ्यातील घडामोड : जालपटलात प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकू दिवसाचे, रंग व बारकावे टिपणारे. त्यांची संख्या सुमारे ६० लाख. शलाका अंधुक उजेडातल्या, रंग न ओळखणाऱ्या. त्या सुमारे १२ कोटी. माक्स शुल्ट्झे याने १८६६ मध्ये ही विभागणी मांडली. शलाकांमधील ऱ्होडॉप्सिन हे जांभळट रंजक (रंगद्रव्य) प्रकाश पडताच फिके पडते, हे फ्रांट्स बोल याने १८७६ मध्ये पाहिले व व्हिल्हेल्म क्यूने याने लगोलग त्याचा पाठपुरावा केला. या रंजकाचा ‘अ’ जीवनसत्त्वाशी असलेला संबंध जॉर्ज वॉल्ड यांनी उलगडला. १९६७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

बाहुली काही सेकंदांतच मोठी होऊ लागते, परंतु तिचा हातभार लहान असतो. २ मिमी.वरून ७ मिमी.पर्यंत रुंदावली, तरी आत येणारा प्रकाश जेमतेम बारापट होतो. खरी वाढ रंजक पुन्हा तयार होण्यातून मिळते. पहिली सातआठ मिनिटे शंकू सुधारतात व थांबतात. मग शलाका त्यांना मागे टाकतात, आणि संवेदनक्षमतेच्या आलेखावर या ठिकाणी स्पष्ट मोड दिसतो. पूर्ण सरावाला ३० ते ४० मिनिटे लागतात. वय वाढते तशी बाहुली कमी उघडते व रंजकही उशिरा भरून येते. साठीच्या माणसाने त्यामुळे तरुण सोबत्याच्या बरोबरीने चालू लागू नये. पूर्ण सरावलेल्या डोळ्याची क्षमता थक्क करणारी असते : हेख्ट, श्लेअर व पिरेन यांच्या १९४२ च्या प्रयोगांनुसार शलाकांनी प्रकाशाचे पाच ते चौदा कण शोषले की क्षणिक चमक जाणवू शकते.

मध्यगर्तिकेत, म्हणजे जालपटलाच्या ज्या मधल्या भागाने आपण रोखून पाहतो तेथे, शलाका जवळजवळ नसतातच. त्यांची सर्वाधिक दाटी तिच्यापासून वीसेक अंशांवर असते. म्हणून अंधारात ज्याच्याकडे रोखून पाहावे तेच नाहीसे होते. पायरीची कड, तिवईचा पाय, दोरी पाहायची तर नजर किंचित बाजूला ठेवावी. तारे पाहणाऱ्यांना ही तिरकी नजर सवयीची असते, छायाचित्रकाराला ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

अंधुक उजेडात तांबडे रंग आधी काळवंडतात आणि हिरवे-निळे तुलनेने उजळ भासतात. या परिणामाला चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याचे नाव आहे. त्यासाठी १८१९ व १८२५ अशी दोन्ही वर्षे दिलेली आढळतात. पहिले निरीक्षणाचे असावे, दुसरे प्रकाशनाचे. छापील आधार असलेले १८२५ हेच वर्ष धरणे बरे. प्रकाशाच्या तरंगलांबीत सांगायचे तर दिवसाच्या दृष्टीची सर्वाधिक संवेदनक्षमता ५५५ नॅनोमीटरच्या (पिवळट हिरव्याच्या) आसपास, तर रात्रीच्या दृष्टीची ५०७ नॅनोमीटरच्या (निळसर हिरव्याच्या) आसपास असते. पुढील वादाचे मूळ या सरकण्यातच आहे.

तांबड्या दिव्याचा वाद : रात्री चित्रण करणाऱ्यांत तांबडी टॉर्च वापरण्याची रीत सार्वत्रिक आहे. तिच्या उगमाविषयी मात्र दोन समजुती आहेत. पहिलीनुसार ही रीत डार्करूममधून, म्हणजे छायाचित्रे धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतून, आली. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रणाच्या काचा (ज्यांवर चित्र उमटे) निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच संवेदनक्षम असल्याने पिवळ्या वा तांबड्या उजेडात काम करता येई. पण तेथे तांबडा दिवा काचेचे रक्षण करीत होता, डोळ्याचे नव्हे. सर्व रंगांना संवेदनक्षम काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्यावर डार्करूममध्ये पूर्ण अंधार करावा लागला, फार तर अतिशय मंद हिरवा दिवा चाले. हिरवा अशासाठी, की सरावलेल्या डोळ्याला त्या रंगाचा किमान प्रकाशही पुरतो. दुसऱ्या समजुतीनुसार उगम क्ष-किरण विभागात आहे. प्रकाशमान पडद्यावरील अंधुक आकृती पाहण्यासाठी डोळे आधी अंधाराला सरावलेले हवेत, हे आंत्वान बेक्लेर याने १८९९ मध्ये दाखवले. व्हिल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ख याने १९१६ मध्ये त्यासाठी तांबड्या काचांचे चष्मे सुचवले. ते घालून डॉक्टर उजेडात वावरत व चष्मा काढताच पडद्यापाशी कामाला लागत. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांनी हीच युक्ती उचलली. डोळ्याच्या रक्षणाचा हेतू या दुसऱ्या धाग्यातच स्पष्ट असल्याने तो अधिक ग्राह्य वाटतो. छायाचित्रकारांच्या सवयीत डार्करूमची आठवण मिसळलेली असणे अशक्य नाही.

तांबड्याचा उपयोग किती, हा वाद वेगळा. सुमारे ६५० नॅनोमीटरच्या पुढे, म्हणजे गडद तांबड्यात, शलाकांना शंकूंहून अधिक दिसत नाही, त्यामुळे त्या प्रकाशात शंकूंनी वाचता येते व शलाकांचे रंजक फारसे खर्ची पडत नाही. हे तत्त्व बरोबर आहे, अटी मात्र सोयीस्करपणे विसरल्या जातात. बाजारातील बऱ्याच ‘तांबड्या’ टॉर्च नारिंगीकडे झुकलेल्या असतात व प्रमाणाबाहेर प्रखर असतात. तांबड्या उजेडात नकाशावरील तांबडी रेघ दिसेनाशी होते. शिवाय तांबडे किरण डोळ्यात किंचित मागे केंद्रित होतात, त्यामुळे चाळिशी लागलेल्याला बारीक अक्षर वाचणे जड जाते. विमानांत व पाणबुड्यांतही पुढे मंद पांढऱ्या प्रकाशाकडे कल झाला. हिरव्याचे समर्थक म्हणतात की तो मुळातच कमी लागतो. तो तितकाच कमी ठेवला, तर म्हणणे खरे. एकंदरीत रंगापेक्षा मंदपणा महत्त्वाचा. प्रखर तांबड्यापेक्षा बोटांच्या फटीतून सोडलेला मिणमिणता पांढरा उजेड बरा.

एक डोळा राखणे : रंजकाचे फिके पडणे प्रत्येक डोळ्यात स्वतंत्रपणे होते. म्हणून कॅमेऱ्याला एकच डोळा लावून दुसरा मिटून ठेवला, तर त्याचा सराव बव्हंशी टिकतो. एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या आकुंचतात खऱ्या, पण त्या काही वेळात पूर्ववत होतात. चाचे याच कारणासाठी डोळ्यावर पट्टी बांधत, ही लोकप्रिय कथा पुराव्यावाचून सांगितली जाते. या युक्तीलाही किंमत मोजावी लागते. एकाच डोळ्याने पायरीची खोली नीट कळत नाही. दोन्ही डोळे असमान सरावलेले असले, तर अंधारातल्या डोळ्याचा संदेश किंचित उशिरा पोचतो व आडवी जाणारी वस्तू आहे त्यापेक्षा जवळ किंवा दूर भासते. कार्ल पुल्फ्रिख याने १९२२ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले. तो स्वतः एका डोळ्याने अंध असल्याने हा भास त्याला कधी अनुभवता आला नाही. रहदारीच्या रस्त्यावर हे लक्षात ठेवावे.

अंधारात अनेकांची नजर किंचित ऱ्हस्व होते, म्हणजे दूरचे धूसर दिसते. ग्रीनिचचा ज्योतिर्विद मॅस्केलिन याने अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि लॉर्ड रॅले याने १८८३ मध्ये हे नोंदवले आहे. तेव्हा तारे धूसर दिसले म्हणून भिंगाचा फोकस हलवू नये. तो दिवसाउजेडी दूरच्या वस्तूवर साधून चिकटपट्टीने पक्का केलेला असावा.

चकवा : अंधारात चालणारा माणूस फिरून त्याच ठिकाणी येतो, या अनुभवामागे लोकसमजुतीने चकवा नावाचे भूत कल्पिले. यान साउमन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डोळे बांधलेली माणसे सरळ चालत असल्याच्या समजुतीत वर्तुळे काढीत राहिली; काही वर्तुळांचा व्यास २० मीटरहूनही कमी होता. सहारा वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र दिसेपर्यंत सरळ गेला व चंद्र ढगाआड जाताच वळत गेला. एक पाय आखूड असण्याचे जुने स्पष्टीकरण या प्रयोगांत टिकले नाही. शरीराला वाटणारी ‘समोर’ ही दिशा हळूहळू भरकटते आणि बाहेरची खूण नसेल तर ती दुरुस्त होत नाही, असे मत आता अधिक मान्य आहे. चकवा लागल्यास जागीच बसून उजाडण्याची वाट पाहावी, हा जुन्या लोकांचा सल्ला या दृष्टीने निर्दोष ठरतो.

याच्याशी जुळणारा एक भास म्हणजे काळोखात एकटा दिवा हलताना दिसणे. हुम्बोल्ट याला १७९९ मध्ये तारे डोलताना दिसले होते. दूरच्या एकाच दिव्यावर विसंबून तिवई सरळ लावू पाहणारा यात फसतो. अशा वेळी पाणसळीचा बुडबुडाच खरा मानावा.

इंदूर परिसर : इंदुरात १८७० च्या दशकात कॅमेरा हाती घेणाऱ्या लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या काळातील मंद काचांना रात्र झेपण्यासारखी नव्हती. मॅग्नेशियमची झगझगीत पूड १८८७ मध्ये जर्मनीत तयार झाली व फ्लॅशचा गोळा १९२९ च्या सुमारास आला. डोळे दिपण्याचा प्रश्नही त्यांच्याबरोबरच छायाचित्रणात शिरला. शिकाऱ्यांना अंधाराची अडचण त्याआधीपासून माहीत होती. मचाणावर बसणारे बंदुकीच्या माशीला (नळीच्या टोकावरच्या नेम धरण्याच्या खुणेला) पांढरा कागद किंवा कापूस लावीत. होळकरांची शिकारगाह असलेल्या रालामंडळच्या डोंगराचे आज अभयारण्य झाले आहे. तिवईच्या पायांना पांढरी दोरी गुंडाळणारे त्याच युक्तीचे वारसदार होत.

शहरात अडचण अंधाराची नसून उजेडाच्या तुकड्यांची असते. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापडगिरण्यांच्या परंपरेतून आलेल्या झाक्या निघतात. गणपतीचा देखावा, फिरती चाके, रंगीत बल्बांच्या माळा आणि मागून जनरेटरची धडधड. तासभर त्यांच्याकडे पाहून राजवाड्यामागच्या एखाद्या बोळात वळावे, तर डोळ्यांपुढे हिरवट चौकोन तरंगतात आणि ओट्याची पायरी लागते ती पायाला. तेथे अर्धा तास थांबणे कोणाला जमत नाही. भिंतीला हात लावून दोन मिनिटे डोळे मिटून उभे राहिले, तरी निदान शंकू सावरतात व चालण्यापुरते दिसते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचे नदीच्या बाजूने चित्रण करताना पायऱ्या संध्याकाळीच मोजून ठेवाव्यात. रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफा बाजारात सराव होण्याचा प्रश्नच नाही, तिथे रात्र नसतेच.

महूच्या पुढे विंध्याच्या कडेला परिस्थिती उलटी होते. अहिल्याबाईंच्या काळातला मानला जाणारा जाम दरवाजा निमाडच्या उतारावर उभा आहे. आकाशगंगेच्या चित्रणाला जागा चांगली, पण कडा जवळ. येथे चांदण्यांचा प्रकाश ०.००१ लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास असतो, भर पौर्णिमेला तो सुमारे ०.२ लक्सपर्यंत जातो. २० मिमी.च्या भिंगाने पंचवीसेक सेकंदांचे एक चित्र होते न होते तोच पडदा आपोआप उजळतो, आणि वीस मिनिटांची कमाई त्या दोन सेकंदांत मातीमोल होते. चित्र तपासण्याची ही सोय बंद ठेवावी, पडद्याची उजळता किमान करावी, फोकससाठी पेटणारा दिवा बंद करावा व मेमरी कार्डाच्या लुकलुकत्या ठिपक्यावर काळी पट्टी चिकटवावी. प्रस्तुत लेखकाने एकदा यातले सारे केले आणि वेळ पाहायला मोबाइल काढला. पुढची दहा मिनिटे पिशवी पायाशी असूनही हाताला लागली नाही.

दिशा राखायला या भागात दोन आधार आहेत. जानापावच्या डोंगरावरून इंदूरच्या दिव्यांची फिकट कमान ईशान्येला दिसते. तिच्याकडे पाठ केली की नर्मदेकडची काळी बाजू समोर येते. दुसरा आधार ध्रुवाचा. इंदूरचे अक्षांश सुमारे २२.७° उत्तर असल्याने ध्रुव क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींहून थोडा वर असतो. उन्हाळ्याच्या संध्याकाळी तो सप्तर्षींवरून, हिवाळ्यात शर्मिष्ठेवरून शोधतात. पावसाळ्यात हे दोन्ही आधार नसतात. तेव्हा गाडीपासून तिवईपर्यंत दोरी सोडून ठेवणे हा एकच उपाय उरतो, आणि दोरीचे टोक गाडीला बांधावे, झुडपाला नव्हे.