नवतप्यात न दमणारं वर्कस्टेशन

दुकानातल्या एसीत, २४ अंशांवर, प्रोसेसरचं तापमान ७८ दिसतं आणि गिऱ्हाईक समाधानानं पैसे मोजतं. मे महिन्यात नागपुरातली तीच खोली ४० वर गेली की त्याच कामाला तोच प्रोसेसर ९४ गाठतो. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला धातूच्या पात्यांचा ठोकळा, उष्णता फक्त हवेत सोडतो; ठरावीक वॅटला प्रोसेसर आणि हवा यांच्यातला फरक साधारण तेवढाच राहतो. इथे तो ५४ आहे. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवायला वेग उतरवतात, म्हणजे महागड्या चिपचे पैसे ऐन उन्हाळ्यात वाया.

म्हणून बर्डीत, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, मशीन घ्यायला जाताना स्वतःची जड फाइल सोबत न्या. अर्धा तास रेंडर, म्हणजे त्या फाइलवरून अंतिम चित्र किंवा व्हिडिओ तयार करण्याचं काम, चालू ठेवा. पहिल्या दोन मिनिटांच्या आकड्यावर जाऊ नका, हीटसिंक तापायला वेळ लागतो. शेवटच्या तापमानात १६ ते १८ मिळवा, हा दुकानातल्या आणि उन्हाळ्यातल्या खोलीतला फरक. बेरीज ९० च्या वर गेली तर मोठा हीटसिंक मागा, किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची वॅटमर्यादा उतरवून घ्या. शेवटच्या थोड्या वेगासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. त्यामुळे वॅट बरेच कमी केले तरी वेग त्यामानानं थोडाच घटतो. आमच्या मते नागपूरकरांसाठी हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

कॅबिनेट समोरून जाळीचं हवं, काचेचं नको. खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या झोतात ते कधीच ठेवू नका. चालू मशीन खोलीपेक्षा गरम असतं, त्यामुळे नुसत्या दमटपणानं आत दव धरत नाही. घात करतात ते झोताबरोबर उडणारे थेंब. पाणी वाळतं, क्षार बोर्डावर राहतात, आणि ओलसर धूळ हीटसिंकच्या पात्यांत लिंपल्यासारखी बसते. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला जाळी झटका.

यूपीएसवर (वीज गेल्यावर बॅटरीवर मशीन चालवणाऱ्या डब्यावर) लिहिलेलं व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर, हे वॅट नव्हे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो. ४५० वॅट ओढणारं मशीन वीज जाताच त्याच्यासकट बंद पडेल. कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग नाही असं धरा आणि इलेक्ट्रिशियन येऊन जाईपर्यंत मशीन चालू करू नका.

रॅम ३२ जीबी हवी असेल तर १६ च्या दोन पट्ट्या घ्या. एकाच पट्टीत मेमरीची अर्धी वाट बंद राहते.