जुन्या अमेरिकन इनले फर्निचरचं गाव कसं ठरतं? थोडी पार्श्वभूमी

इनले म्हणजे फर्निचरच्या लाकडात वेगळ्या रंगाच्या लाकडाचे तुकडे बसवून केलेली नक्षी. ड्रॉवर उघडायच्या आधीच लोक बोलून मोकळे होतात, नक्षीतल्या फुलाची मधली पाकळी लांब आहे ना, मग टेबल बाल्टिमोरचं, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या शहरातलं. आता हे अगदीच खोटं नाही, १८०० च्या आसपासच्या बाल्टिमोरच्या टेबलांच्या पायांवरून जी बेलफ्लॉवरची (घंटेसारख्या फुलांची) माळ खाली उतरते तिच्यात मधली पाकळी बऱ्याचदा बाजूच्या दोघींपेक्षा लांब असतेच, आणि कडा तापलेल्या वाळूत बुडवून जरा करपवलेल्या, म्हणजे फुलावर सावली पडल्यासारखं दिसतं. पण घोळ असा की ही फुलं प्रत्येक सुतार स्वतः कापत नव्हता. फुलं, शिंपले, गरुड तयार विकत मिळायचे, काही माल थेट इंग्लंडहून यायचा. त्यामुळे फुलावरून फार तर फूल कुठलं ते कळतं, टेबल कुठलं ते नाही.

त्याआधीचं, १८व्या शतकाच्या पूर्वार्धातलं पेनसिल्व्हेनियाच्या चेस्टर काउंटीचं काम त्यामानाने सोपं. अक्रोडाच्या लाकडात कंपासने काढलेल्या कमानी, टोकाला बेरीसारखे गोल दाणे, आणि कधीकधी कंपासचं टोक रुतलेलं बारीक भोकही दिसतं.

खरं भांडण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांवरून. १९४९ ला विल्यम्सबर्गच्या एका परिषदेत उत्तरेतल्या एका मोठ्या म्युझियमच्या क्युरेटरने सांगून टाकलं की बाल्टिमोरच्या दक्षिणेला कलात्मक असं फारसं काही बनलंच नाही. समजूत आधीपासून होतीच, याने ती चारचौघांत बोलून दाखवली एवढंच, पण दक्षिणेला ते चांगलंच झोंबलं. १९५२ ला रिचमंडमध्ये खास दक्षिणी फर्निचरचं प्रदर्शन भरलं, १९६५ ला विन्स्टन-सेलममध्ये वेगळं म्युझियमच निघालं आणि १९७२ पासून त्या म्युझियमची माणसं जुनं फर्निचर टिपायला कॅमेरा घेऊन काउंटीमागून काउंटी, घरोघरी हिंडली.

तोपर्यंत ड्रॉवरच्या तळासारख्या न दिसणाऱ्या जागी वापरलेल्या आतल्या लाकडावरून गाव ओळखायचा हिशोब ठरलेला: पांढरा पाइन म्हणजे उत्तर, पिवळा पाइन किंवा सायप्रस म्हणजे दक्षिण. पण पांढरा पाइन जहाजाने दक्षिणेतल्या चार्ल्स्टन बंदरात उतरायचा ना! तिथल्या सुतारांनी तो बिनधास्त वापरला, आणि नंतरच्यांनी ड्रॉवरचा तळ बघून त्या कपाटांवर न्यूयॉर्कची चिठ्ठी लावली. (मला विचाराल तर यातलं निम्मं अज्ञान होतं, निम्मी सोय, कारण उत्तरेच्या मालाचा तोरा जास्त.)

थोडक्यात, एकाच खुणेवरून गाव ठरत नाही. दक्षिणेतल्याच टेनेसी राज्याच्या ईशान्य भागातली दोरी-गोंड्याची इनले नक्षी ओळखीची झाली तीही एखाददुसऱ्या कपाटावरून नाही, त्याच भागातल्या जुन्या घराण्यांकडे तसली बरीच कपाटं निघाली म्हणून.