रोपांचे स्थलांतर (सोलापूरची परसबाग)

परसात, कुंडीत किंवा रोपवाटिकेच्या पिशवीत वाढलेले कोवळे झाड मुळांसकट उचलून कायमच्या जागी लावणे. सोलापूरच्या घरांत ही वेळ बहुधा आपसूक उगवलेल्या रोपांमुळे येते: सांडपाण्यावर वाढलेला कडुलिंब, कचऱ्यात रुजलेले सीताफळ, भिंतीला खेटलेली चिंच. यांपैकी कडुलिंबाचे आणि चिंचेचे सोटमूळ तर लवकर खोल जाते. त्यामुळे ती गुडघ्याएवढी असतानाच हलवावीत. पुरुषभर वाढू देऊन मग कुदळ हाती घेणे म्हणजे झाड तोडण्यासारखेच. गुटी कलमाने (झाडावरच फांदीला मुळे फोडून) केलेल्या डाळिंबाला सोटमूळ नसते, म्हणून ते सहज सोसते.

उचललेले झाड तहानेने मरते. पाणी शोषणारी केसासारखी मुळे टोकांना असतात आणि खोदताना नेमकी तीच तुटतात. पाने मात्र पाणी हवेत सोडतच राहतात. सोलापूर पर्जन्यछायेत, वर्षाचा पाऊस सरासरी सुमारे ५५० मि.मी., त्यातही मृगानंतर मोठी उघडीप पडते आणि सप्टेंबरात जोर येतो. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या घराने मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नये. उत्तरा-हस्ताच्या पावसात लावलेल्या रोपाला पुढे सौम्य हिवाळा मिळतो, आणि उन्हाळा येईपर्यंत मुळे पसरतात.

खरी अडचण काळ्या जमिनीची. ओली असताना ती फावड्याला चिकटते, खड्ड्याच्या कडा सारवल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळे त्या भेदू न शकता आतच घिरट्या घालतात. सुकल्यावर तीच जमीन भेगाळून कोवळी मुळे तोडते. म्हणून काम वाफशावरच, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नसतानाच, करावे आणि खड्ड्याच्या कडा खुरप्याने ओरबाडाव्यात. खड्डा नुसत्या शेणखताने व वाळूने भरण्याची हौस इथे अंगाशी येते: भोवतालच्या घट्ट मातीत तो हौदासारखा तुंबतो. खणलेलीच माती थोडे कुजलेले खत मिसळून परत भरणे बरे. मुरमाड जागेत मात्र उलट; तिथे गाळाची माती आणावी लागते.

मातीचा गड्डा खोडाच्या जाडीच्या निदान १० पट रुंद धरतात, तो फुटू नये म्हणून गोणपाटात बांधतात. महिनाभर आधी रोपाभोवती अर्ध्या वर्तुळात चर खणून मुळे छाटली, तर गड्ड्यातच नवी बारीक मुळे फुटतात. लावताना खोड पूर्वीइतकेच मातीत असावे, कलमाचा जोड वर राहावा. पिशवीत गोल फिरलेली मुळे कापून मोकळी करावीत.

लावल्याबरोबर आळे भरून पाणी द्यावे. पुढे रोज तांब्याभर ओतण्यापेक्षा चार दिवसांनी बादलीभर बरे. बुडाशी भोक पाडून वात घातलेले मडके शेजारी पुरले तर आणखी सोपे. आळ्यात पालापाचोळा पसरल्यास भेगाही कमी पडतात, फक्त तो खोडाला टेकू देऊ नये.

पालवी फुटली म्हणजे रोप लागले, असा समज आहे. खोडातल्या साठ्यावरही पालवी येते आणि पंधरवड्यात माना टाकते. पहिल्या मे महिन्यात पश्चिमेकडून गोणपाटाचा, नाहीतर जुन्या सोलापुरी चादरीचा आडोसा करावाच लागतो.