बेचिराख गावांची वही

‘वास्टा एस्त.’ लॅटिनमधले दोनच शब्द. अर्थ, ‘ओसाड आहे.’ इंग्लंडच्या १०८६ सालच्या जमीन-नोंदवहीत उत्तरेकडच्या यॉर्कशायर परगण्याची पानं उलटताना ‘वास्टा’ हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. ज्या गावात दिवा लावायला माणूस उरला नाही, त्याला आपण बेचिराख म्हणतो. लेखनिकाला बहुतेक ठिकाणी तेच म्हणायचं असावं.

फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जची लढाई जिंकला आणि त्याच नाताळात त्याने इंग्लंडचा राजमुकुट घातला. शाळेत शिकलेली गोष्ट इथेच संपते. देश मात्र ताब्यात आला नव्हता. १०६९ मध्ये उत्तर भागात उठाव झाला, बंडवाल्यांच्या मदतीला डेन्मार्कचं आरमार आलं आणि यॉर्क शहर पडलं. विल्यमने डॅनिश लोकांना पैसे देऊन वाटेला लावलं आणि ऐन हिवाळ्यात आपलं सैन्य खेड्यापाड्यांवर सोडलं.

तलवारीपेक्षा या सैन्याने आगीने जास्त माणसं मारली. कणग्या जाळल्या, बियाणं जाळलं, नांगर-अवजारं जाळली, गुरं कापली. त्या काळच्या हिशेबात एक नांगर म्हणजे आठ बैल. आपल्याकडच्या जुन्या आठबैली नांगराची आठवण असलेल्यांना यातला घाव लगेच कळेल. साठवलेलं धान्य गेलं की एक हिवाळा उपाशी जातो. बैल आणि बियाणं गेलं की पुढची पेरणीही जाते, आणि गोऱ्हा जुंपायला तयार होईपर्यंत तीन-चार वर्षं उलटतात. भुकेलेली माणसं चालत दक्षिणेकडे निघाली. यॉर्कपासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या ईव्हशॅमच्या मठात त्यांना अन्न मिळालं, पण तिथे पोहोचलेल्यांपैकीही रोज काही जण दगावत होते, अशी मठाची नोंद आहे.

ऑर्डेरिक व्हिटॅलिस या इतिवृत्तकाराने मृतांचा आकडा लाखाच्या वर दिला. तो जन्मला १०७५ मध्ये आणि त्याने लिहिलं त्यानंतर कित्येक वर्षांनी, त्यामुळे हा आकडा मोजून काढलेला नाही. पण विल्यमची एरवी स्तुती करणाऱ्या या माणसाने इथे मात्र त्याला माफ केलं नाही. माझ्या लेखी आकड्यापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

मोजलेला पुरावा आला तो खुद्द विल्यमच्याच हुकमाने. १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरला त्याने देशभर पाहणी करायचं ठरवलं. एक बैल, एक गाय, एक डुक्करही नोंदीतून सुटलं नाही, अशी तक्रार त्या काळच्या इंग्रजी बखरीत आहे. मेंढीच्या कातड्यावर तेरा हजारांहून जास्त गावं उतरली. हेतू साधा होता, कुणाकडून किती वसूल करायचं ते कळावं. त्यासाठी जमिनीची किंमत एडवर्ड राजाच्या काळी, म्हणजे विल्यम येण्यापूर्वी, किती होती आणि आज किती आहे, असे दोन्ही आकडे विचारले गेले. लोकांनी वहीला नाव दिलं डूम्सडे, म्हणजे अंतिम निवाड्याचा दिवस. या वहीवर अपील नव्हतं.

अर्थात ‘वास्टा’ लिहिलेलं प्रत्येक गाव सैन्यानेच जाळलं, असं अभ्यासक मानत नाहीत. कुठे वसुली थांबली असेल, कुठे जमीन शेजारच्या जमीनदारीत गेली असेल. तरीही यॉर्कशायरमध्ये जमीन किती नांगरांची आणि प्रत्यक्ष चालणारे नांगर किती, हे आकडे शेजारी ठेवले की सोळा वर्षांनंतरचीही खोट दिसते. आणखी एक आकडा: तोवर देशातल्या जमिनीपैकी जेमतेम पाच टक्के इंग्रज धन्यांकडे उरली होती.

अलीकडे याला हाडांचीही साक्ष मिळाली आहे. लहानपणी दाताचं दंतिन, म्हणजे वरच्या कवचाखालचा टणक भाग, थराथराने साचतं आणि एकदा साचलं की फारसं बदलत नाही. त्या थरांतल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्यांच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, त्या वयात काय खाल्लं, पोटाला पुरेसं मिळालं का, याचा अंदाज येतो. ऑक्सफर्डमधल्या त्या काळच्या सांगाड्यांवर ही तपासणी झाली. तिथल्या आहारात कायमचा मोठा बदल दिसला नाही, डुकराचं मांस तेवढं वाढलं. पण सत्ता बदलत होती त्या सुमाराला अन्नाचे थोड्या काळाचे तुटवडे दातांत सापडले. ऑक्सफर्ड त्या जाळपोळीच्या मुलखापासून खूप दूर होतं. पुढे धान्य आलं, मूल वाढलं, आयुष्य जगून गेलं, आणि उपाशी दिवसांचा तो पातळ थर त्याच्या दातात तसाच राहिला.