मेरीचा लाल झगा आणि भज्यांचा कागद

पंधराव्या शतकातल्या यान व्हॅन आयक या फ्लेमिश चित्रकाराने तेलरंगाचा शोध लावला, ही थाप 1550 मध्ये वसारी या इटालियन चरित्रकाराने छापली आणि ती अजून फॉरवर्ड होतेय. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुहांमधल्या बौद्ध चित्रांत तेल सापडलंय, आणि ती सातव्या शतकाच्या आसपासची आहेत, मग बोला.

पण यानची ती लुक्का मॅडोना (मेरी आणि बाळ येशूचं चित्र) बघा, फ्रँकफर्टच्या श्टेडेल म्युझियममध्ये आहे, साधारण 1437 ची. मेरी बाळाला पाजतेय, बाळ चांगलं ताठ बसलंय, आणि तिचा लाल झगा पार जमिनीपर्यंत पसरलाय. त्या लालमध्ये खोली आहे, नुसता फासलेला रंग वाटतच नाही. "दैवी तेज", "हरवलेला गुप्त फॉर्म्युला" वगैरे लिहिणारे लिहितात, त्यांना लिहू दे, आपण भजी खाऊ.

भज्यांचा कागद तेलाने पारदर्शक होतो ना? कोरड्या कागदात धागे आणि मधे हवा, दोघांच्या अपवर्तनांकात (प्रकाश किती वाकतो त्याच्या आकड्यात) बराच फरक, म्हणून प्रकाश प्रत्येक कडेवर विखुरतो आणि कागद पांढरा दिसतो. हवेच्या जागी तेल शिरलं की फरक मिटतो आणि प्रकाश सरळ पार जातो. आता रंगाकडे या. किड्यांपासून नाहीतर मंजिष्ठेच्या जातीतल्या मुळांपासून लाल रंग काढायचा, तो तुरटी वापरून साक्यासारखा खाली बसवायचा, वाळवून पूड करायची. या पुडीचा अपवर्तनांक जवसाच्या तेलाच्या (सुमारे 1.48) जवळपास, त्यामुळे तेलात खलली की रंगीत काचच. शिशाच्या पांढऱ्याचा मात्र 2 च्या आसपास, म्हणून तो तेलातही झाकतोच. मग खाली अपारदर्शक थर आणि वर या काचेचे पातळ हात: प्रकाश आत जातो, खालून आपटून परत येतो, म्हणजे दोनदा गाळला जातो, आणि चुणीच्या खोलात थर जाड तिथे लाल जास्त गडद.

यासाठी वेळ लागतो आणि तो जवस देतं, कारण हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात (लिनोलेनिक आम्लातले तीन दुहेरी बंध वगैरे). सुतार बेलतेल मारतो तेही जवसाचंच. अंड्याच्या बलकातला रंग झटपट सुकतो, तिथे बारीक रेघा मारत बसावं लागतं.

गंमत म्हणजे तेलाचा अपवर्तनांक वयाबरोबर थोडा वाढत जातो, थर आणखी पारदर्शक होतात, आणि जुन्या चित्रांत चित्रकाराने बदल करताना रंगाखाली झाकलेलं एखादं बोट शतकांनी वर दिसायला लागतं.