‘मुक्या’ जनावरांची बाजू: कायद्याच्या भाषेची दोनशे वर्षं

‘मुकं जनावर’ असं आपण कळवळ्याने म्हणतो. मला तो शब्द खटकतो. वासरू तोडलं की गाय दिवसरात्र हंबरते. तिला मुकी कसं म्हणायचं? पण माणसाची भाषा येत नाही म्हणून जनावराचं दुःख मोजायचंच नाही, ही समजूत फार जुनी आहे. तिला थेट हात घातला इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने, १७८९ साली, आणि तोही एका तळटीपेत. प्राण्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का, हे विचारू नका. त्यांना वेदना होतात का, ते विचारा, असं त्याने लिहिलं.

ब्रिटिश पार्लमेंटच्या गळी हे लवकर उतरलं नाही. १८०९ मध्ये लॉर्ड अर्स्किन यांचं जनावरांवरच्या क्रूरतेविरुद्धचं विधेयक वरिष्ठ सभागृहात तरलं आणि कनिष्ठ सभागृहात पडलं. अखेर १८२२ मध्ये आयरिश खासदार रिचर्ड मार्टिन यांनी कायदा करून घेतला. घोडा, खेचर, गाढव, गाय, बैल, मेंढी ‘आणि इतर गुरं’ यांना क्रूरपणे मारहाण करणाऱ्याला दंड. कुत्र्या-मांजरांचं नाव त्यात नव्हतं. वळूचंही नव्हतं, आणि ‘इतर गुरं’ या शब्दांत वळू बसत नाही असा निर्वाळा कोर्टाने दिला. वळूला खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा खेळ त्यामुळे १८३५ पर्यंत बिनदिक्कत चालला. यादीत एक शब्द नव्हता, त्याची किंमत त्या वळूंनी मोजली.

हे सगळे कायदे हातातली काठी बघत होते. विसाव्या शतकात कोंबड्या पिंजऱ्यांत गेल्या, तिथे काठी उगारणारं कुणी नव्हतंच. १९६४ मध्ये रूथ हॅरिसन यांनी अशा कारखानी पशुपालनावर पुस्तक लिहिलं, लोक हादरले, आणि ब्रिटिश सरकारला चौकशीसाठी ब्रॅम्बेल समिती नेमावी लागली. १९६५ च्या अहवालात समितीने जनावरासाठी किमान एवढं मागितलं: वळता यावं, अंग साफ करता यावं, उठता यावं, आडवं होता यावं, हातपाय ताणता यावेत. ही यादी सावकाश वाचा. एवढंही मिळत नव्हतं, म्हणून तर मागावं लागलं. पुढे युरोपीय संघाने १९९९ च्या नियमांत साध्या पिंजऱ्यातल्या दर कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटीमीटर जागा ठरवून दिली. एफोर कागद याहून मोठा असतो. ते पिंजरे २०१२ पासून बंद झाले.

२००९ मध्ये अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या लिस्बन कराराने प्राण्यांना ‘संवेदनशील जीव’ म्हटलं. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्यात तर ऑक्टोपस, खेकडे आणि लॉबस्टरही आले. ते हंबरत नाहीत, केकाटत नाहीत. त्यांच्यासाठी शास्त्रज्ञांनी ३०० हून अधिक अभ्यास तपासले होते. इजा झालेल्या जागेची ते काळजी घेतात का, हाही त्यातला एक निकष होता.