ट्रॅड जॅझ आणि माजी सैनिकांचा हॉल, हे जमलं कुठून?

अमेरिकेत लहान गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी ट्रॅड जॅझ (न्यू ऑर्लिन्स शहरातला जुन्या धाटणीचा जॅझ) वाजतोय, पुढे कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रोम्बोन, मागे बँजो नि ट्यूबा, असं दिसलं की वाटतं भाडं स्वस्त म्हणून घेतला असेल हॉल. स्वस्त असतंच, पण नातं त्याहून बरंच जुनं आहे.

न्यू ऑर्लिन्समध्ये हे संगीत ब्रास बँडच्या जोरावर उभं राहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांची मंडळं वर्गणी काढून सभासदांच्या आजारपणाचा, अंत्यविधीचा खर्च उचलायची, त्यांचे स्वतःचे हॉल असायचे, इकॉनॉमी हॉल त्यातलाच एक, आणि दिवसा मिरवणुकीत वाजवणारी मंडळी रात्री तिथेच नाचासाठी वाजवायची. ड्रमसेट नीट बघा, सगळं त्यात दिसतं. रस्त्यावर मोठा ड्रम एकाच्या पोटाशी, स्नेअर (छोटा ड्रम) दुसऱ्याकडे; हॉलमध्ये दोन्ही एकाच बसलेल्या माणसाकडे आले, आणि १९०९ मध्ये लुडविग या ड्रम बनवणाऱ्या कंपनीचं फूट पेडल आल्यावर मोठ्या ड्रमचं काम पायाकडे गेलं, हात मोकळे झाले.

मग आलं १९१७. फेब्रुवारीत जॅझची पहिली रेकॉर्ड झाली (गोऱ्या बँडची, हे लक्षात ठेवा), एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. न्यूयॉर्कचा जेम्स रीस युरोप, ज्याने १९१२ मध्येच कार्नेगी हॉलला कृष्णवर्णीय वादकांचा मोठा कार्यक्रम केला होता, तो कृष्णवर्णीय सैनिकांच्या ३६९व्या पायदळ रेजिमेंटच्या बँडचा प्रमुख झाला. चांगले क्लॅरिनेटवाले हवेत म्हणून गडी थेट पोर्तो रिकोला जाऊन माणसं घेऊन आला! फ्रान्समध्ये या बँडने लोकांना वेड लावलं. वाजवायचे ते रॅगटाइम, ब्लूज, मार्च, म्हणजे काटेकोर अर्थाने न्यू ऑर्लिन्स जॅझ नव्हे, पण युरोपात दार उघडलं ते यांनीच असं माझं ठाम मत आहे. रेजिमेंट फ्रेंच कमांडखाली १९१ दिवस आघाडीवर होती. निघताना न्यूयॉर्कच्या निरोपाच्या परेडमध्ये या लोकांना घेतलं नव्हतं, आणि १७ फेब्रुवारी १९१९ ला हेच फिफ्थ ॲव्हेन्यूवरून वाजतगाजत गेले. तीनच महिन्यांनी जेम्स युरोपला त्याच्याच ड्रमरने बॉस्टनमध्ये भोसकलं. फार वाईट वाटतं वाचताना.

त्याच वर्षी मार्च महिन्यात पॅरिसला अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना स्थापन झाली, पुढे गावोगाव हॉल झाले. दक्षिणेत मात्र कृष्णवर्णीय सैनिकांना वेगळ्या शाखा, म्हणजे ज्यांच्या समाजातून हे संगीत आलं त्यांनाच गोऱ्यांच्या हॉलमध्ये सभासद म्हणून जागा नाही. हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही.

दरम्यान जॅझ जगभर पसरला, १९३५ ला अमेरिकन वादक लिऑन ॲबीचा बँड मुंबईत ताजला आला, गोव्याच्या वादकांनी ते उचललं आणि पुढे हिंदी सिनेमात नेलं, पण तो वेगळा मोठा विषय आहे.

१९४० च्या आसपास स्विंगचा, म्हणजे मोठ्या बँडच्या नव्या जॅझचा, जोर असताना सॅन फ्रान्सिस्कोत ट्रम्पेटवाल्या लू वॉटर्सने जुनी न्यू ऑर्लिन्स पद्धत परत आणली. दुसऱ्या महायुद्धात तो नेव्हीत गेला, परतल्यावर पुन्हा बँड उभा केला. लढाईवरून आलेल्या त्या पिढीला नाचायला हवं होतं आणि हॉल त्यांच्याच हातात होते: लाकडी फ्लोअर, छोटं स्टेज, बार, किचन, पार्किंग. पुढे हौशी लोकांच्या जॅझ सोसायट्या निघाल्या, सॅक्रामेंटोची १९६८ ची, आणि अशा मंडळींना महिन्याच्या कार्यक्रमाला याहून सोयीची जागा कुठे मिळणार होती.